एका अंड्यामागे एक लाख!

तंजावरला गेलं की मान वर करावीच लागते. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे ६६ मीटर उंच आहे. आजच्या भाषेत वीस मजली इमारत! एवढा ग्रॅनाइट एकावर एक चढवायला एका सम्राटाचं अख्खं राज्य राबलं.

आता एक हिशेब करू. दीड-एक सेंटीमीटर लांबीचं एक जोडपं घ्या. नर आणि मादी, दोघं मिळून तुमच्या करंगळीच्या नखावर मावतील. यातली मादी दिवसाला सुमारे ३०० अंडी घालते. एक अंडं साधारण ०.१४ मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढं. ही अंडी एकावर एक उभी रचत जाऊ. पहिल्या दिवशी ४२ मिलिमीटर. महिन्याभरात सव्वा मीटर. वर्षात १५ मीटर, म्हणजे पाच मजले. आणि सव्वाचार वर्षांत आपण थेट बृहदीश्वराच्या कळसाला! सम्राट नको, हत्ती नकोत, पाथरवट नकोत. करंगळीच्या नखावर मावणारं एकच जोडपं पुरे.

हे जोडपं राहतं कुठे? जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीत. चोवीस तास वाहत्या रक्तात, नराने मादीला आपल्या अंगाच्या खाचेत धरलेलं, आणि दर पावणेपाच मिनिटांना एक अंडं. तुम्ही कपभर चहा संपवेपर्यंत दोन.

या कृमीचं नाव शिस्टोसोमा. रक्तात राहणारा चपटा कृमी. त्याच्यामुळे होणारा रोग म्हणजे शिस्टोसोमियासिस. जुने डॉक्टर त्याला बिल्हार्झिया म्हणत. वर सांगितलेलं जोडपं मॅन्सोनी जातीचं, मुख्यतः आफ्रिकेतलं. तंजावरच्या पाण्यात ते नाही. त्याचे चुलतभाऊ मात्र तिथे आहेत आणि आपल्या कोकणातही एक येऊन गेला आहे. त्यांच्याकडे वळूच, पण आधी जगाचा आकडा ऐका आणि घट्ट बसा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली या रोगासाठी प्रतिबंधक औषध द्यायला हवं होतं अशी माणसं होती किमान २५ कोटी १४ लाख. पंचवीस कोटी! २०११ च्या जनगणनेतला अख्खा महाराष्ट्र घ्या, ११ कोटी २४ लाख. त्यात अख्खं तमिळनाडू मिळवा, ७ कोटी २१ लाख. अख्खं कर्नाटक मिळवा, ६ कोटी ११ लाख. वर गोवा घाला, साडेचौदा लाख. चार राज्यांतली गावं, वाड्या, महानगरं, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळी माणसं मोजली, तरी बेरीज येते २४ कोटी ७० लाख. अजून ४४ लाख माणसं कमीच पडतात!

डोळ्यांसमोर येत नाही ना? मग त्यांना लोकलमध्ये बसवू. बारा डब्यांची लोकल, गच्च भरलेली, दारात लटकणारे धरून ४,००० माणसं. २५ कोटी १४ लाखांना अशा गाड्या लागतील ६२,८५०. सीएसएमटीवरून दर तीन मिनिटांनी एक गाडी सोडा. रात्री थांबायचं नाही, रविवारी मेगाब्लॉक घ्यायचा नाही. १ जानेवारीला पहिली गाडी सुटली तर शेवटची सुटेल ११ मेला. या गाड्या एकीला एक लावून उभ्या केल्या तर रांग होईल १५,७०० किलोमीटरची. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. म्हणजे बोरघाट चढून-उतरून ८२ वेळा मुंबई-पुणे, आणि सगळ्या मार्गावर मधे इंचभर रुळ रिकामा नाही!

या गाड्यांतले प्रवासी कुठले? दहातले नऊ आफ्रिकेतले. नदीवर पाणी भरणाऱ्या बाया, तळ्यात डुंबणारी पोरं, मासे पकडणारे, भात लावणारे. या रोगाचा प्रसार ७८ देशांतून नोंदवला गेला आहे. मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे वर्षाला ११,७९२, म्हणजे रोज ३२ माणसं, वर्षाकाठी जवळपास तीन गच्च लोकल. आणि हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असावा, असं ती संघटना स्वतःच सांगते. बाधा झालेले बाकीचे मरत नाहीत, पण त्यांतले कित्येक वर्षानुवर्षं अशक्त राहतात. शाळेत बसलेलं पोर पेंगतं, कारण त्याचं रक्त कमी पडतं.

रक्त कमी का पडतं? चला, जोडप्याच्या जेवणाचं ताट मोजू.

नर तासाला सुमारे ३९,००० तांबड्या पेशी खातो. ठीक आहे, नर कमी जेवतो. मादी किती खाते? तासाला सुमारे ३,३०,०००! नराच्या साडेआठ पट. दिवसाच्या झाल्या ७९ लाख. दर सेकंदाला एक याप्रमाणे या पेशी मोजायला बसलात, झोपलात नाही, जेवायला उठला नाहीत, तरी तिचा एका दिवसाचा आहार मोजायला तुम्हाला तीन महिने लागतील. आणि ३०० अंड्यांनी भागलं तर एका अंड्यामागे २६,४०० पेशी. एक अंडं, सव्वीस हजार पेशी. पुन्हा एक अंडं, पुन्हा सव्वीस हजार.

पेशीला एक रुपया भाव लावा. मादीचा रोजचा जेवणखर्च ७९ लाख रुपये. पाच वर्षांत १,४४६ कोटी. आणि ज्याच्या जिवावर ही चैन चालली आहे त्या यजमानाची शिल्लक किती? धडधाकट माणसाच्या अंगात साधारण २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. पंचवीस लाख कोटी रुपये! महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. तुमच्या-माझ्या अंगात तसले साडेतीन अर्थसंकल्प वाहताहेत. शिवाय अस्थिमज्जेची टांकसाळ दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी पाडत असते. मादी दिवसभर जे खाते ते शरीर चार सेकंदांत भरून काढतं. चार सेकंदांत!

म्हणजे एका जोडप्याच्या भुकेने माणूस खचत नाही. खचतो तो अंड्यांनी.

अंड्यांना बाहेर पडायचं असतं. मॅन्सोनीची अंडी शौचावाटे जातात, हिमॅटोबियम नावाच्या दुसऱ्या जातीची लघवीवाटे. पण साधारण निम्मी अंडी वाट चुकतात आणि अंगातच रुतून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मॅन्सोनीचं अंडं बघा. पिवळसर, लांबट, आणि एका बाजूने निघालेला अणकुचीदार काटा. हिमॅटोबियमचा काटा बरोबर टोकाला, भाल्याच्या पात्यासारखा. असं एक अंडं यकृतात अडकलं की शरीराच्या रक्षक पेशी त्याला घेराव घालतात, एकीवर एक थर चढवतात, आणि अंड्याच्या कितीतरी पट मोठी गाठ तयार होते. पुढे गाठ विरते, तिथे वण राहतो. रोज १५० अंडी, रोज १५० नवे घेराव, वर्षाला ५४,७५०. पाच वर्षांत पावणेतीन लाख! आणि हे एकाच जोडप्याचं. अशी डझनांनी जोडपी एकाच अंगात नांदतात. यकृत निबर होतं, पोट पाण्याने फुगतं. हिमॅटोबियममुळे मूत्राशयाच्या भिंती जखमी होतात, लघवीतून रक्त जातं, आणि काहींना पुढे मूत्राशयाचा कर्करोग होतो. बायकांच्या जननमार्गात अंडी रुतून होणारा त्रास तर जगभरात सुमारे ५ कोटी ६० लाख स्त्रियांना आणि मुलींना आहे, असा अंदाज आहे. पुन्हा एक अख्खं कर्नाटक, जवळजवळ.

बरं, हे जोडपं जगतं तरी किती? सहसा तीन ते दहा वर्षं. पण रोगाचा मुलूख सोडून तीस वर्षं झालेल्या माणसांच्या अंगातही जिवंत कृमी सापडले आहेत. तीस वर्षं, रोज ३००: बत्तीस लाख ८५ हजार अंडी. एकावर एक रचा. ४६० मीटर. बृहदीश्वराची सात विमानं, एकावर एक!

आतापर्यंतची ही नुसती बेरीज होती. गुणाकार पुढेच आहे.

जी निम्मी अंडी बाहेर पडतात ती गोड्या पाण्यात पोहोचली की फुटतात आणि आतून एक केसाळ जीव बाहेर येतो. त्याचं नाव मिरासिडियम. लांबी ०.१५ मिलिमीटर. तोंड नाही, खायचं काही नाही. आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर एखादा दिवस काढायचा आणि तेवढ्यात गोगलगाय शोधायची. तीही कुठलीही चालत नाही, ठरलेल्या जातीचीच लागते. तो पोहतो सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर. हळू वाटतं? स्वतःच्या अंगाच्या तेरा पट अंतर तो एका सेकंदात कापतो. माणसाच्या मापाने हा वेग होतो ताशी ७९ किलोमीटर, तोही पाण्यात! बारा तास पोहला तर तो खरोखर कापतो ८६ मीटर. पण माणसाच्या मापाने? ९५० किलोमीटर. मुंबई-पुणे रस्त्याने १५० किलोमीटर. म्हणजे तीनदा पुण्याला जाऊन परत, उपाशीपोटी, न थांबता, डोळ्यांशिवाय.

बहुतेक सगळे वाटेतच मरतात. एखाद्याला गोगलगाय भेटते. तो तिच्या मऊ अंगात घुसतो. आणि चार-सहा आठवड्यांनी…

एक आत गेला होता. बाहेर किती आले? गोगलगाय जगेल तेवढे दिवस रोज शेकड्यांनी, कधी हजारांनी, एकूण एक लाखापर्यंत!

एक रुपया ठेवला, एक लाख परत आले, आणि तेही काही महिन्यांत. बाहेर आलेल्या प्रत्येक पिल्लाचं नाव सर्केरिया. लांबी अर्धा मिलिमीटर, शेपटीच्या टोकाला दोन फाटे. यालाही तोंडाने खाता येत नाही. आयुष्य दोन-तीन दिवसांचं. त्याला आता हवी आहे माणसाची कातडी. ती मिळाली की तो काही मिनिटांत आत शिरतो आणि शेपटी बाहेरच टाकून देतो. जखम नाही, रक्त नाही. पाण्यात पाय बुडवून कपडे धुणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही.

एका गोगलगायीतून निघालेली ही एक लाख पिल्लं एकाच वेळी गावच्या विहिरीत सोडली असं धरा. विहीर सहा मीटर रुंद, पाच मीटर पाणी, म्हणजे एक लाख ४१ हजार लिटर. पोहऱ्याने पंधरा लिटरची बादली भरून काढा. प्रत्येक बादलीत दहा पिल्लं. पहिल्या बादलीत दहा, शंभराव्या बादलीत दहा, नऊ हजाराव्या बादलीतही दहा! एका अंड्याने अख्खी विहीर बाटवली.

आता गुणाकार पूर्ण करू. एका जोडप्याची रोज १५० अंडी बाहेर पडतात. वीस दिवसांची झाली ३,०००. घटकाभर धरून चाला की प्रत्येकाला गोगलगाय मिळाली आणि प्रत्येकीतून एक लाख पिल्लं निघाली. ३,००० गुणिले एक लाख, तीस कोटी. अर्ध्या मिलिमीटरची तीस कोटी पिल्लं एकामागे एक लावा. किती लांब? दीडशे किलोमीटर. मुंबई ते पुणे! वाशीचा पूल, पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा, देहूरोड, कुठेही खंड नाही. नखावर मावणाऱ्या जोडप्याची वीस दिवसांची संतती!

थांबू नका. रोजचे झाले दीड कोटी. महिन्याचे ४५ कोटी. वर्षाचे ५४७ कोटी. आणि दीड वर्षात? ८२१ कोटी. पृथ्वीवरच्या माणसांची संख्या २०२२ च्या नोव्हेंबरात ८०० कोटींवर गेली. म्हणजे एकच जोडपं दीड वर्षात तेव्हा पृथ्वीवर असलेल्या प्रत्येक माणसासाठी एकेक पिल्लू पाठवू शकतं. प्रत्येकासाठी! तुमच्यासाठी एक, शेजारच्या काकूंसाठी एक, तंजावरच्या देवळातल्या पुजाऱ्यासाठी एक.

मग जग या कृमीने भरून का गेलं नाही? कारण या गुणाकारात दर पायरीला एक शून्य दबा धरून बसलेलं असतं. अंडं पाण्यापर्यंत पोहोचलं नाही: शून्य. पाण्यात योग्य गोगलगाय नव्हती: शून्य. दोन दिवसांत माणूस पाण्यात उतरला नाही: शून्य. आणि शाळेत शिकलेलं गणित आठवा. लाख असो, कोटी असो, अब्ज असो, शून्याने गुणलं की उत्तर एकच.

भारत या रोगातून बराचसा वाचला तो याच कारणाने. आफ्रिकेत या कृमीला सांभाळणाऱ्या गोगलगायींच्या जाती आपल्याकडे नाहीत. मोठ्या प्रमाणावर औषधवाटप करावं लागणाऱ्या ५१ देशांत भारत नाही. पण एके ठिकाणी शून्याचा एक झाला, आणि ते ठिकाण मराठी माणसाच्या अगदी अंगणातलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं गिमवी. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी दाखवून दिलं की गिमवीत लघवीतून रक्त जाण्यामागे हा रक्तकृमी आहे आणि लागण तिथल्या तिथेच होते आहे. आणि दोष कुणावर आला? फेरिसिया टेनुइस नावाच्या, काही मिलिमीटरच्या, टोपीच्या आकाराच्या एका जलचर गोगलगायीवर. तळहातावर घेतली तर तांदळाची कणी समजून झटकून टाकाल एवढी! गेल्या शतकात हा रोग कोट्यवधी आफ्रिकी माणसांना ग्रासून होता, आणि तो कोकणातल्या एका खेड्यात शिरला तो या कणीएवढ्या दारातून.

आता चला तंजावरला. कावेरीचा त्रिभुज प्रदेश, तमिळनाडूचं भाताचं कोठार. करिकाल चोळाने बांधलेलं म्हणतात ते कल्लणै धरण, ३२९ मीटर लांब, सुमारे दोन हजार वर्षं पाणी वळवतं आहे. नदीतून कालवा, कालव्यातून पाट, पाटातून खाचर. एकरभर खाचरात पाच सेंटीमीटर पाणी उभं केलं की झालं दोन लाख लिटर. मघाची आपली विहीर, ती दीड विहीर पाणी एका एकरात पसरलं! आणि या उथळ, ऊबदार पाण्यात आनंदाने नांदते इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, चपट्या गुंडाळीची एक तपकिरी गोगलगाय. ती माणसाचा कृमी वाढवत नाही. ती वाढवते गुरांचा.

दुपारी बांधावर, झाडाच्या सावलीत बसवलेला बैल बघा. जागा आहे, डोळे उघडे आहेत, रवंथ चालू आहे, आणि तरी घोरतोय! एकेक श्वास खरखरत, शिट्टी वाजवत बाहेर येतो. नाकपुडीत बोट घालून चाचपलं तर आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी मऊ वाढ लागते. नाकातल्या शिरांमध्ये रक्तकृमीची जोडपी बसली आहेत. शेंबडाचा थेंब काचपट्टीवर घेतला की त्यात बूमरँगच्या आकाराची अंडी दिसतात. हा शिस्टोसोमा नेझाले. १९३३ साली मद्रासमध्ये एम. अनंत नारायण राव यांनी त्याला जगापुढे आणलं. बैल पाणी प्यायला तोंड खाली घालतो, शिंकतो, अंडी थेट खाचरात. मधल्या सगळ्या पायऱ्या एका शिंकेत पार!

त्याचा भाऊ शिस्टोसोमा स्पिंडाले गुरांच्या आतड्यांच्या शिरांत राहतो. त्याची जन्मकथा उलगडली आपल्या मुंबईत. परळच्या बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे पुढच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, लिस्टन आणि सोपारकर यांनी १९१८ साली दाखवलं की या कृमीची पिल्लं याच इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगायीतून बाहेर पडतात. एक परळची प्रयोगशाळा आणि एक भातखाचरातली गोगलगाय, आणि कोडं सुटलं.

धरून चाला, एका एकरात चौरस मीटरला एक गोगलगाय आहे. झाल्या ४,०००. शंभरातली एकच बाधित, म्हणजे ४०. प्रत्येकीतून रोज ५०० पिल्लं. एका एकरात रोज २०,००० दुभंगलेल्या शेपट्या कातडी शोधत फिरताहेत! बैलाची मिळाली तर पुढचा संसार थाटतील. लावणी करणाऱ्या बाईच्या पोटऱ्यांची मिळाली तर कातडीतच मरतील, पण मरताना अशी खाज उठवतील की रात्रभर झोप नाही. भातशेतीतल्या बायांच्या पायांवरचं ते लाल पुरळ म्हणजे फसलेल्या घुसखोरांची दफनभूमी.

तंजावरच्या गादीवर मराठे १६७० च्या दशकात आले, एकोजीराजांबरोबर. त्यांच्या वंशातले सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात धन्वंतरी महाल चालवला, औषधांचे प्रयोग करवले, सरस्वती महालात वैद्यकाचे ग्रंथ जमवले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी इतिहास कोरवला, १८०३ साली. पण माणसाच्या रक्तात चपटा कृमी संसार करतो, हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. ते वारले त्यानंतर १९ वर्षांनी, १८५१ मध्ये, कैरोच्या इस्पितळात थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरने शवविच्छेदन करताना तो पहिल्यांदा पाहिला.

पाहिला पहिल्यांदा, पण होता कधीपासून? १९१० मध्ये मार्क आर्मंड रफर यांनी इजिप्तच्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत त्याची अंडी शोधली. तीन हजार वर्षांपूर्वीची! मग २०१४ मध्ये बातमी आली सीरियातून. तेल झैदान इथल्या पुरातन थडग्यातल्या सांगाड्याच्या कमरेजवळच्या मातीत एक अंडं सापडलं, सहा हजार वर्षांहून जुनं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरा. २४० पिढ्या! शिवरायांपासून आजपर्यंत होतात जेमतेम चौदा.

आणि माणसानेच त्याला किती मदत केली! पाणी अडवलं, पाट खोदले, बारमाही ओल केली. सेनेगल नदीवर १९८६ मध्ये दियामा धरण पूर्ण झालं. समुद्राचं खारं पाणी आत येणं थांबलं, गोगलगायींना गोडं पाणी मिळालं. वरच्या बाजूच्या रिशार तोल या गावात १९८८ मध्ये मॅन्सोनीचे पहिले रुग्ण सापडले, आणि काही वर्षांतच गावातली निम्म्याहून जास्त माणसं बाधित झाली. हजारो वर्षांचं शून्य दोन वर्षांत पुसलं गेलं.

पण पुसलेलं शून्य परत लिहिता येतं. एकदम लिहिता येतं!

औषध आहे: प्राझिक्वांटेल. १९७० च्या दशकात आलं. वजनाच्या किलोला ४० मिलिग्रॅम, एकच मात्रा. साठ किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. पंचवीस किलोच्या पोराला दोनही लागत नाहीत. तीस वर्षं सुखाने संसार करणारं जोडपं बेघर! मर्क कंपनी वर्षाला २५ कोटी गोळ्यांपर्यंत औषध दान देते. नुसत्या औषधाचं वजन १५० टन, दहा टनी पंधरा ट्रक. पंधरा ट्रक, आणि दहा कोटींवर पोरांना पुरेल एवढं औषध! तरी २०२१ मध्ये ज्यांना औषध हवं होतं त्या २५ कोटी १४ लाखांपैकी ते पोहोचलं फक्त ७ कोटी ५३ लाखांपर्यंत. दहातल्या तिघांना. उरलेल्या सात जणांतल्या बाधितांच्या रक्तवाहिन्यांत अंड्यांचं विमान रोज चढतंच राहिलं.

आणि गोळी खाऊन पोर पुन्हा त्याच तळ्यात उतरलं तर? पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शून्य पाण्यातही लिहावं लागतं. ते जपानने लिहिलं. मियाइरी आणि सुझुकी यांनी १९१३ मध्ये दोषी गोगलगाय पकडली, आणि मग यामानाशी प्रांतातल्या लोकांनी तिची पाठ सोडली नाही. गोगलगायी हाताने वेचल्या, औषधं फवारली, आणि भातशेतीचे पाट एकेक करून सिमेंटने बांधून काढले, म्हणजे पाणी जोरात वाहील आणि तिला चिकटायला चिखल उरणार नाही. किती पाट? सुमारे २,००० किलोमीटर! मुंबई-पुणे रस्त्याच्या तेरा पट लांब गटार, हात-हात पुढे सरकत, पिढ्यानपिढ्या. १९७७ नंतर जपानमध्ये नवी लागण झालेला माणूस सापडला नाही. १९९६ मध्ये तिथे हा रोग संपल्याचं जाहीर झालं. आकडा आला शून्यावर आणि शून्यावरच राहिला.

म्हणून शेवटी तुमच्याशी दोन शब्द. घरातलं कुणी पूर्व आफ्रिकेत नोकरीला असेल, व्हिक्टोरिया किंवा मलावीच्या तळ्यात पोहून आलं असेल, तर ताप, पोटदुखी, लघवीतून रक्त यातलं काही होवो न होवो, डॉक्टरला ते तळ्याचं नाव जरूर सांगा आणि तपासणी करून घ्या. गोठ्यातला बैल जागेपणी घोरत असेल तर म्हातारा झाला म्हणून सोडून देऊ नका, पशुवैद्याला दाखवा. गुरांना पाटाच्या साचलेल्या पाण्याऐवजी टाकीचं पाणी पाजा. आणि गावात संडास बांधायचा विषय निघाला की हात वर करायला लाजू नका. एका अंड्याला पाण्यापासून लांब ठेवलं की एक लाख पिल्लं जन्मालाच येत नाहीत.